पोरंच तसली येतात

रात्रपाळी सुटल्यावर घरी न जाता सरळ शाळेवर गेलो होतो. मागल्या मार्चातली गोष्ट. बहिणीचा पोरगा तापानं फणफणलेला, त्याला घेऊन यायचं होतं. भुवयांवर, मानेवर कापूस तसाच चिकटलेला. शाळा म्हणजे आमच्या वस्तीच्या तोंडाशी असलेली सरकारी प्राथमिक शाळा. गावाचं नाव घालत नाही. गाव घातलं की शाळा कळते, शाळा कळली की बाई कळतात, आणि मला बाईंना सुळावर द्यायचं नाही.

व्हरांड्यात एक साहेब खुर्ची टाकून बसले होते. पुढ्यात तक्ते. कुठल्या वर्गात किती पोरांना वाचता येतं, किती जणांना हातच्याची वजाबाकी जमते, त्याचे. साहेब म्हणाले, "बाई, तिसरीचं वाचन एवढं खाली का?" बाई म्हणाल्या, "काय करणार साहेब, पोरंच तसली येतात."

मग त्यांची नजर माझ्यावर गेली. साहेबांचीही गेली. मी पोराला खांद्यावर टाकलं आणि निघालो. उत्तर सुचलं नाही. सुचलं नाही म्हणून हे लिहितोय.

बाई वाईट नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर आपल्यातले काही गडी उद्या मोर्चाच काढतील. पोराला ताप आला तेव्हा फोन बाईंनीच केला होता. आपल्या डब्यातला दहीभात त्यांनीच त्याला भरवला होता. आणि दुसरं म्हणजे बाई आपल्यातल्या आहेत. चौदा एप्रिलला पांढरी साडी नेसून मिरवणुकीत पुढं असतात. हेच वाक्य एखाद्या पांढरपेशा सवर्ण मास्तरानं म्हटलं असतं तर माझ्याकडं उत्तर तयार होतं. तुमच्याकडंही आहे. पाठच आहे आपल्याला ते. पण जयभीम म्हणणाऱ्या तोंडातून तेच वाक्य आलं की काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

तसली म्हणजे कसली?

मी याच शाळेत सातवीपर्यंत शिकलो. पुढं हायस्कुलात दहावीला गणितात उडालो आणि गिरणीत लागलो. बाकीचं शिक्षण रद्दीच्या दुकानात आणि विहारातल्या कपाटात. माझ्या वर्गात कोण कोण होतं ते आठवतं. किराणा दुकानदाराचा पोरगा माझ्या शेजारी बसायचा. जॉबरची पोरगी होती. एसटीतल्या कंडक्टरची दोन पोरं होती. तलाठ्याचा पोरगा होता, त्याच्या कंपासपेटीवर आम्ही सगळे जळायचो. बाकीचे आम्ही. वस्तीतले.

त्यातला आता कुणीही तिथं नाही, म्हणजे त्यांची पोरं नाहीत. पहिल्यांदा दुकानदार गेले. मग जॉबर, कंडक्टर, तलाठी गेले. मग आपली माणसं गेली. बँकेत लागलेले, मास्तर झालेले, सोसायटीत क्लार्क झालेले. पिवळी बस वस्तीच्या कमानीखाली येऊन उभी राहायला लागली. निळ्या झेंड्याखाली पिवळी बस. मग आपले कार्यकर्ते गेले. कर्ज काढून गेले, पण गेले. आता वर्गात कोण आहे? बिहार-ओडिशातून मागावर आलेल्या कामगारांची पोरं, ज्यांना मराठी अजून परकी. उसाच्या टोळीबरोबर सहा महिने गायब होणारी पोरं. धुणीभांडी करणाऱ्या विधवांची पोरं. मुसलमानांतली गरीब पोरं. आणि आपल्यातली ज्यांच्या बापाला कर्ज कुणी दिलं नाही ती.

म्हणजे 'तसली' हा शब्द बाईंनी हवेतून काढलेला नाही. ती तसलीच आहेत. प्रश्न असा आहे की त्यांना 'तसली' कुणी केलं, आणि 'तसली' म्हटल्यानं निकालाचं कोडं सुटतं की झाकलं जातं.

आता बाबासाहेबांकडं जातो. नुसता हार घालायला नाही, हिशोब घ्यायला. १९२७ च्या मार्चमध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर ते बोलले. त्या भाषणात त्यांनी आकडे मांडले. इलाख्यातल्या लोकसंख्येच्या दर हजारी प्राथमिक शाळेत किती पोरं? पुढारलेल्या हिंदूंची ११९. मुसलमानांची ९२. मधल्या जातींची ३८. मागासलेल्यांची १८. आणि त्याच भाषणात दुसरा आकडा : प्राथमिक शाळेत घातलेल्या शंभर पोरांतली चौथीपर्यंत पोहोचतात फक्त १८, बाकीची ८२ पुन्हा निरक्षरांच्या खड्ड्यात. प्राथमिक शाळेचा हेतू म्हणजे आत आलेलं पोर आयुष्यभर साक्षर राहील इतकं शिकवूनच बाहेर सोडणं, असं त्यांनी सरकारला बजावलं.

मित्रांनो, हे दोन आकडे म्हणजेच बाईंपुढचे ते तक्ते. वर्गात कोण आहे, आणि त्याला किती येतं. बाबासाहेबांनी दोन्ही मोजले. मोजायला ते लाजले नाहीत. पण मोजून झाल्यावर आकडा कुणापुढं ठेवला? सरकारपुढं. पैसे काढा म्हणाले. बाईंनी तोच आकडा पोरापुढं ठेवला.

आकडे बदललेत, हे खरं. आज शंभरातली जवळजवळ शंभर पोरं चौथीत पोहोचतात. शिक्षण हक्काच्या कायद्यानं नापास करणंच बंद झालं होतं, म्हणजे पोहोचण्याची अडचण नाही. पण 'असर'वाले दर खेपेला खेड्यापाड्यांतून घरोघर जाऊन पोरांपुढं दुसरीचा उतारा ठेवतात. २०२२ साली तिसरीतल्या शंभर पोरांतल्या वीसएक जणांना तो वाचता आला, २०२४ साली सत्तावीस जणांना. सगळ्या ग्रामीण भारताची ही गोष्ट. म्हणजे १९२७ साली पोर शाळेच्या बाहेर राहून अडाणी राहत होतं, आता शाळेच्या आत बसून राहतं, खिचडी खाऊन, हजेरी लावून. आणि प्रगतीपत्रक? ते छान.

मी सूतगिरणीतला माणूस. मला हे सुतावरून कळतं. साच्यावर तार सारखी तुटायला लागली की साहेब येतो आणि ओरडतो. साहेब म्हणतो सांधणाऱ्याचा हात वाईट. सांधणारा म्हणतो कापूस आखूड धाग्याचा. दोघांचंही थोडं खरं असतं. आखूड धाग्याच्या कापसातून बारीक सूत निघत नाही. पण गिरणीला बाजारात जाऊन दुसरा कापूस घेता येतो. सरकारी शाळेला दुसरी पोरं घेता येत नाहीत. येईल त्या पोराला शिकवणं हेच तिचं काम. उलट समोरची इंग्रजी शाळा बघा. ती लांब धाग्याच्या गाठी वेचून घेते. ज्या घरात आई शिकलेली आहे, टेबल आहे, संध्याकाळी क्लास आहे, त्या घरातली पोरं घेते आणि दारावर बोर्ड लावते, आमचं सूत बघा. अरे बाबा, सूत तुझं की कापूस त्यांचा?

नुसतं बोलून उपयोग नाही, म्हणून पुण्यात शिकणाऱ्या आमच्या एका दोस्ताला कामाला लावलं. तो इंग्रजी कागद वाचून मला मराठीत सांगतो. आंध्रात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या दोघांनी एक मोठा प्रयोग केला, २०१५ साली छापून आला. सरकारी शाळेतल्या गरीब पोरांच्या नावाच्या चिठ्ठ्या काढल्या. ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांना खासगी शाळेची फी दिली. चार वर्षांनी दोन्हीकडच्या पोरांची परीक्षा घेतली. तेलुगूत फरक नाही, गणितात फरक नाही. हिंदीत मात्र खासगीवाली पुढं, कारण तिथं हिंदीचे तास होते. म्हणजे तीच पोरं इकडून तिकडं नेली तर तिकडच्या भिंतींत फार जादू नव्हती. पण लगेच टाळ्या वाजवू नका, त्याच कागदात हेही आहे की त्या खासगी शाळा दर पोरामागं सरकारीच्या एकतृतीयांशापेक्षा कमी खर्चात चालत होत्या. तिप्पट खर्च करून तेवढंच सूत निघत असेल तर आमचा सरकारी साहेब काय करतो, हा प्रश्न उरतोच. आपल्या शाळेची बाजू घ्यायची म्हणून आळशी मास्तराची बाजू घ्यायची नाही.

गिरणीतली आणखी एक गोष्ट. कापूस तोच, साचा तोच, हात तोच, पण शेडमधली हवा कोरडी झाली की तार जास्त तुटते. म्हणून गिरणीत पाण्याचा फवारा मारून हवा दमट ठेवतात. बाहेरचा माणूस आत आला की घामेजून म्हणतो, काय ही हवा. पण ती हवा सुतासाठी असते. आमच्यासाठी नाही, तो वेगळा विषय.

वर्गातली हवा कशानं कोरडी होते? कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन बायांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यात सहावी-सातवीतल्या पोरांवर एक प्रयोग केला. ३२१ वरच्या जातीची पोरं, ३२१ खालच्या जातीची. कागदावर वाट शोधायची कोडी दिली, सुटेल त्या कोड्याला पैसे. पोरांची जात कुणी उच्चारली नाही तेव्हा दोघांची कोडी सारखीच सुटली. सारखीच! मग दुसऱ्या पोरांच्या वेळी सुरवातीला एकेकाचं नाव, गाव, बापाचं नाव, आज्याचं नाव आणि जात मोठ्यानं वाचली. झालं. खालच्या जातीच्या पोरांची कोडी कमी सुटली. पोरं तसल्याच घरांतली. एक शब्द हवेत सोडला, आणि तार तुटली.

ज्यांना कुणाला वर्गात शिष्यवृत्तीच्या यादीसाठी उभं केलं होतं त्यांना हा प्रयोग वाचायची गरज नाही. "मागासवर्गीय हात वर करा." किती साधं वाक्य. सरकारनं आमच्या भल्यासाठी पैसे दिले, ते वाटताना हवा कोरडी केली. माझ्या थोरल्या बहिणीला चौथीपर्यंत हजर दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता मिळायचा. १९९२ साली सुरू झालेली योजना. रुपया घेताना ती खाली बघायची, हे मला आठवतं. रुपया काय वाईट नव्हता.

आता बाईंकडं परत येतो, कारण तिथं खरं दुखतं. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी २०१२ साली छापलेला दुसरा एक प्रयोग आहे. पोरांचे पेपर घेतले आणि वरच्या पानावर वय, मुलगा की मुलगी, आणि जात हे चिठ्ठी काढल्यासारखं वाट्टेल तसं लिहिलं. मग ते मास्तरांना तपासायला दिले. खालची जात लिहिलेल्या पेपराला थोडे कमी मार्क पडले. थोडेच, पण पडले. इथपर्यंत आपण म्हणू, माहीतच होतं. पुढं ऐका. कमी मार्क देण्यात वरच्या जातीचे तपासनीस पुढं नव्हते. खालच्या जातीतले तपासनीस होते.

हे ऐकून मी दोन दिवस जेवलो नाही असं लिहिलं तर खोटं होईल, जेवलो. पण पाळीत साच्यासमोर उभा राहून तेच घोळत राहिलं. आपला माणूस आपल्याच पोराच्या पेपरावर लाल रेघ जरा जाड का मारतो? मला वाटतं, जो खड्ड्यातून वर आला त्याला खड्ड्याकडं बघवत नाही. बाई 'पोरंच तसली' म्हणाल्या तेव्हा त्या साहेबाला सांगत होत्या, की साहेब, मी तसली नाही. त्यांचं दुःख तिथं आहे. आणि ते दुःख पोराच्या पाटीवर फुटतं. म्हणून बाईंना शिव्या घालून माझं भागत नाही. मीही कविता लिहितो ती 'मी तसला नाही' हे दाखवायलाच की काय, अशी शंका मला रात्री येते.

आता माझ्या घरचं. माझी पोर यंदा सहा वर्षांची झाली. पहिलीत घालायची. बायको शिवणाच्या कारखान्यात कॉलर लावते. तिनं वर्षभर पैसे बाजूला टाकले होते, पिवळ्या बसचे. मी म्हणालो, आपल्या शाळेत घालूया. ती म्हणाली, "तुमचं तुमच्या कवितेत ठेवा. माझी पोर म्हंजे काय मोर्चातला झेंडा हाय व्हय? घेतला आन् नाचवला?"

तिच्या या वाक्याला तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातही सोपं उत्तर नाही. मी शोधलं.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्या पोरांच्या पँथरवरून, म्हणून तिकडची गोष्ट आपल्याला परकी नाही. १४ नोव्हेंबर १९६०. न्यू ऑर्लिन्स शहर. विल्यम फ्रँट्झ नावाची सरकारी प्राथमिक शाळा, तोवर फक्त गोऱ्यांची. रूबी ब्रिजेस नावाची सहा वर्षांची काळी पोर, माझ्या पोरीएवढी, सरकारी मार्शलांच्या मधोमध चालत आत गेली. बाहेर गोऱ्या आयाबाया किंचाळत होत्या. कोर्टानं दार उघडलं होतं, ते बंद करणं गोऱ्यांच्या हातात नव्हतं. मग त्यांनी काय केलं? आपली पोरं काढून नेली. वर्षभर रूबी वर्गात एकटी बसली आणि बार्बरा हेन्री नावाच्या एकाच बाईनं तिला शिकवलं. रूबीच्या बापाची पेट्रोलपंपावरची नोकरी गेली. तिला त्या शाळेत पाठवायला मुळात बापाचं मन धजत नव्हतं, आईनं धीर केला. आमच्या घरी उलटं आहे.

त्याच्या आधी १९५७ साली लिटल रॉकच्या शाळेत काळी मुलं गोऱ्यांच्या जमावातून गेली. त्यावर हाना आरेंट या बाईनं १९५९ साली एक लेख छापला. बाई ज्यू, नाझींच्या तावडीतून सुटून अमेरिकेत आलेली, म्हणजे छळ काय असतो हे पुस्तकातून शिकलेली नव्हे. तिचा आक्षेप माझ्या बायकोचाच. मोठ्यांना जे जमलं नाही ते ओझं पोरांच्या पाठीवर का टाकता? राल्फ एलिसन या काळ्या लेखकानं तिला उत्तर दिलं. त्याचा अर्थ असा, की काळ्या आईबापांना हे ठाऊक आहे की पोराला त्या जमावातून कधीतरी जावंच लागणार. भीती गिळायला शिकणं हे त्याच्या जगण्याचंच शिक्षण आहे. पुढं आरेंटबाईनं एलिसनला पत्र लिहून आपलं चुकल्याचं मान्य केलं. मोठी बाई. आपल्याकडं वाद झाला की दोन गट पडतात, पत्र कुणी लिहीत नाही.

पण दोस्तहो, मी स्वतःला फसवणार नाही. रूबीची गोष्ट माझ्या बाजूनं पुरती बसत नाही. रूबी बंद दार उघडून आत जात होती. माझी पोर उघड्या दाराच्या, सोडून दिलेल्या शाळेत जाणार. तिथं जमाव नाही, शिव्या नाहीत. तिथं कुणीच नाही, हीच शिवी आहे. रूबीच्या गोष्टीतलं मला लागू पडतं ते दुसरंच : शाळा रिकामी करणं हा कुठल्याच कायद्यानं गुन्हा नाही. गोरे काळ्यांना टाळायला गेले. इथले दुकानदार, जॉबर आमच्या पोरांना टाळायला गेले की इंग्रजीसाठी, ते त्यांचं त्यांना माहीत. आपली माणसं गेली ती गरिबीला टाळायला. मनातलं कारण वेगळं, मान्य. कुणी आपल्या बँकवाल्या भावाला गोरा म्हणू नये, शतकांची भूक आहे त्याच्या मागं. पण शाळेच्या पटावर रेघ सारखीच पडते. एक गेला की पट एकानं कमी. पट कमी की मास्तर कमी. मास्तर कमी की दोन वर्ग एकत्र. दोन वर्ग एकत्र की वाचन खाली. वाचन खाली की साहेब विचारतो, एवढं खाली का, आणि बाई म्हणतात, पोरंच तसली. आणि शेवटी एक कागद येतो की पट कमी आहे, शाळा बंद करा. २०१७ साली महाराष्ट्र सरकारनं दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेच्या आसपास शाळा बंद करायचं ठरवलं. २०२३ साली वीसच्या आतल्या पटाच्या शाळा गोळा करून 'समूह शाळा' करायचा घाट घातला. आपण निवेदनं दिली, मीही सही केली. सही करणाऱ्यांत किती जणांची पोरं त्या शाळांत होती? मी त्या दिवशी मोजलं आणि गप्प बसलो.

कुणी म्हणेल, शिक्षण हक्काचे पंचवीस टक्के आहेत की. आहेत. २००९ चा कायदा, खासगी शाळेतल्या पंचवीस टक्के जागा दुबळ्यांच्या पोरांना फुकट. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारनं नियम बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगीनं या जागा द्यायची गरज नाही. जुलैत मुंबई हायकोर्टानं तो बदल रद्द केला. आपण पेढे वाटले. मीही खाल्ला, कारण आपल्या शाळेची भिंत करून आपल्याच पोरांना अडवायचा तो डाव होता. पण पेढा खाताना एक विचार आला. ज्याला ऑनलाईन अर्ज भरता येतो, दाखले गोळा करता येतात, कार्यकर्त्याशी ओळख आहे, त्याचीच चिठ्ठी निघू शकते. म्हणजे वस्तीतला त्यातल्या त्यात जागा बाप निघून जातो. उरलेल्या शाळेत आवाज करणारा अजून एक कमी.

शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि फुकट केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड. आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी पोरं एका शाळेत घालायचा हुकूम काढला. आज कुणी हुकूम न काढता ती वेगळी शाळा परत आली आहे. पाटी बदललीय, एवढंच. १९६६ साली कोठारी आयोगानं लिहून ठेवलं की जवळची शाळा सगळ्यांची एक असावी. ते कपाटात गेलं. २०१५ साली अलाहाबाद हायकोर्टानं उत्तर प्रदेश सरकारला सांगितलं की सरकारचा पगार घेणाऱ्यांनी आपली पोरं सरकारी प्राथमिक शाळेत घालायची अशी व्यवस्था करा. साहेबलोकांनी ते वाचलं असेल, हसले असतील. गिरणीत सूत करताना वेगवेगळ्या गाठी एकत्र मिसळून घेतात, तेव्हा सूत एकसारखं निघतं. हे गिरणीतल्या हेल्परला कळतं.

पण हुकूम नाही तोवर काय? माझी एकटीच पोर तिथं घालून शाळा सुधारेल? नाही. एका लांब धाग्यानं गाठ बदलत नाही. मग तिला तिथं घालणं म्हणजे नुसता माझा तोरा? बायकोला मी सरळ सांगितलं की मला माहीत नाही. मला एवढंच कळतं की जो बाप शाळेत रोज जाऊ शकतो, बाईंना विचारू शकतो, व्यवस्थापन समितीत बसून मास्तर किती हवेत ते भांडून मागू शकतो, तो पिवळ्या बसच्या शाळेत नुसता फी भरणारा होतो. तिथं त्याला कुणी विचारत नाही. इथं तो कायद्यानं मालक आहे. शाळा व्यवस्थापन समितीतले शंभरातले पंच्याहत्तर पालक असले पाहिजेत, असं त्याच २००९ च्या कायद्यात आहे. आपण पंचवीस टक्क्यांचं कलम पाठ केलं, हे पंच्याहत्तरचं वाचलंच नाही.

बायको बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "एकटी न्हाई जाणार माझी पोर. पाच घरं आणा." आणि दुसरी अट घातली : दिवाळीपर्यंत पोरीला जोडाक्षरं वाचता आली नाहीत तर पैसे साठवलेले आहेतच, पिवळी बस. मी कबूल केलं. झेंडा नव्हे, पोर आहे. हे तिचं बरोबर आहे.

मेभर वस्तीत फिरलो. नऊ घरं झाली. तीन ठिकाणी चहा मिळाला, दोन ठिकाणी बाप म्हणाला, आधी तुमच्या अध्यक्षाला विचारा त्याचा पोरगा कुठं आहे. शेवटी चार घरं तयार झाली, आमचं धरून पाच. जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या रात्री दोघांनी फोन उचलला नाही. राहिलो तिघं.

दाखला घ्यायला गेलो तेव्हा त्याच बाई होत्या. मला ओळखलं. वर्गात पहिलीची पोरं बसली होती, माझी पोर माझ्या बोटाला धरून उभी. बाईंनी नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, आधार नंबर लिहिला. मग पेन थांबलं आणि त्या सवयीनं मोठ्यानं म्हणाल्या, "जात?"

मी म्हणालो, "बाई, लिहायचं ते लिहा. पण मोठ्यानं नको."

बाईंनी वर्गाकडं बघितलं. मग कागद माझ्याकडं फिरवला आणि पेन दिलं. "तुम्हीच लिहा," म्हणाल्या. हळू म्हणाल्या. मी लिहिलं. बाजूच्या दोघांनीही आपापलं लिहिलं. एकाला लिहिता येत नव्हतं, त्याचं बाईंनी त्याच्या कानाशी वाकून विचारून घेतलं.

व्यवस्थापन समितीची निवड व्हायची आहे, माझी त्या दिवशी दुसरी पाळी लागते. बदलून मागितलीय. फोन न उचललेल्या दोघांकडं रविवारी जाणार आहे. ज्याला यायचं त्यानं सकाळी नऊला कमानीपाशी यावं.